“यात्रीगण कृपया ध्यान दें”: सिंहगड रस्त्यावरच्या एका मुलाचं वर्ष

जानेवारी २०२४ मधल्या पहिल्या भेटीत त्यानं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. खिडकीच्या जाळीवरून बोट फिरवत राहिला. टोपलीतल्या गाड्या काढून भिंतीलगत एकामागे एक लावल्या. मग मधूनच, स्टेशनवरच्या निवेदिकेच्या हुबेहूब हेलात म्हणाला, “यात्रीगण कृपया ध्यान दें.”

आई ओशाळली. “दिवसभर हेच चालतं, ताई. आई म्हणत नाही, पाणी म्हणत नाही. हे मात्र अख्खं पाठ आहे.”

मी सिंहगड रस्त्याजवळच्या एका लहान बालविकास केंद्रात विशेष शिक्षिका आहे. ऑटिझम असलेल्या या मुलाला इथे चिकू म्हणते. ते त्याचं नाव नाही. घरच्यांच्या संमतीनं लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्याचं वर्ष मांडण्याचं कारण चमत्कार घडला हे नाही. त्या वर्षात माझ्या हातून एक गंभीर चूक झाली आणि आजींच्या भिंतीवरच्या कॅलेंडरनं ती उघडी पाडली, म्हणून लिहिते आहे.

जन्म आणि पहिली अडीच वर्षं

चिकूचा जन्म मार्च २०२१ चा. ३४ आठवडे, वजन १,८५० ग्रॅम, अकरा दिवस काचेच्या पेटीत. घरी आला तोवर पुण्यात कोविडची दुसरी लाट चढत होती. कमी वजनाच्या बाळाला ठरावीक महिन्यांनी तपासणीसाठी आणायचं असतं. कार्डावर तारखाही लिहून दिल्या होत्या. त्यातल्या दोनच पाळल्या गेल्या. दवाखान्यात बाळ न्यायची भीती कुणाला नव्हती तेव्हा?

याच शहरात या पाठपुराव्याचं महत्त्व दाखवणारं काम झालेलं आहे, म्हणून याची जास्त हळहळ वाटते. १९८७ ते १९८९ या काळात पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या, २,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अठरा वर्षांपर्यंत मागोवा घेतला. त्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक सर्वसाधारण मर्यादेत राहिला, पण पूर्ण दिवसांच्या मुलांपेक्षा कमी भरला, आणि अभ्यासातल्या अडचणी शाळेत गेल्यावर उघड झाल्या. पहिल्या वर्षी गुटगुटीत दिसणारं बाळ पुढेही तपासत राहावं लागतं, हे इतक्या चिकाटीनं दाखवणारी कामं भारतात फार थोडी आहेत.

चिकू दीड वर्षाचा झाला तरी बोट दाखवून काही मागत नव्हता. बोलावलं तर वळत नव्हता. घरच्यांना सगळ्यांकडून एकच उत्तर मिळालं: लॉकडाऊनची मुलं उशिरा बोलतात. चुलते उशिरा बोलले होते, हा दाखलाही होता. आगगाड्यांच्या व्हिडिओंसमोर तो तासन्‌तास शांत बसायचा, म्हणून फोन त्याच्या हातात राहिला. पुढे मामांनी कुठेतरी ऐकलं की हा ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ आहे, मोबाईल काढून घेतला की मूल बरं होतं. तीन महिने फोन कपाटात ठेवला. झोप थोडी सुधारली, घरात बोलणं वाढलं. दोन्ही गोष्टी चांगल्याच. पण नावाला प्रतिसाद आला नाही आणि बोटही उठलं नाही. ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ असं निदान मानसिक विकारांच्या अमेरिकन निदानपुस्तिकेत, म्हणजे डीएसएम-५ मध्ये, नाही आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-११ मध्येही नाही. लहान मुलाचा पडद्यासमोरचा वेळ कमी करावा, यात वाद नाही. पण त्या नावाच्या भरवशावर या कुटुंबानं तीन महिने तपासणी पुढे ढकलली.

निदान

आधी एका ठिकाणी २० प्रश्नांची एम-चॅट ही चाळणी भरून घेऊन, त्या गुणांवरच कागदावर ‘ऑटिझम’ असा शिक्का मारून दिला होता. एम-चॅट १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहे; चिकू तेव्हा ३३ महिन्यांचा होता. शिवाय ती चाळणीच आहे. चाळणीत अडकलं म्हणजे पुढे नीट तपासायचं, एवढाच तिचा अर्थ.

आम्ही सुरुवात कानापासून केली. बेरा टेस्ट झाली, ऐकू व्यवस्थित येत होतं. विकासाचे बालरोगतज्ज्ञ, वाचा-उपचारतज्ज्ञ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि मी अशा चौघांनी तीन भेटींत त्याला पाहिलं, घरचे व्हिडिओ मागवले, आईशी आणि आजीशी वेगवेगळं बोललो. २०१३ च्या डीएसएम-५ प्रमाणे सामाजिक देवाणघेवाणीतल्या तिन्ही बाबींत अडचण असावी लागते आणि तोचतोपणाच्या चार बाबींपैकी किमान दोन असाव्या लागतात. त्या चारांत आवाज, स्पर्श, प्रकाश यांना होणारी वेगळी प्रतिक्रियाही त्याच आवृत्तीपासून धरली जाते. चिकूमध्ये तिन्ही होत्या आणि चारही होत्या. अहवालात चौथ्या बाबीसमोर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे: “मिक्सर, कुकरची शिट्टी, फटाके: कान झाकतो, डोकं आपटतो.” हे वाक्य लक्षात ठेवा. मी ते सहा महिन्यांत विसरले.

निदान सांगताना ‘स्वमग्नता’ हा शब्द वापरावा लागतो, पण तो मला कधीच पुरता पटलेला नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, मूल स्वतःत रमलेलं आहे, त्याला आपली गरज नाही. मी घरच्यांशी बोलताना ऑटिझम म्हणते.

आईनं पहिला प्रश्न विचारला तो बहुतेक सगळ्याच आया विचारतात: “माझं काय चुकलं?” सातव्या महिन्यापर्यंत पतसंस्थेत नोकरी, दिवस भरायच्या आत बाळंतपण, मग फोन हातात दिला. तिनं मनात सगळी यादी तयार ठेवली होती. तिला मी जुनी गोष्ट सांगितली. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचं वर्णन करून ऑटिझमला वैद्यकीय ओळख दिली, आणि त्यानंतरची दोनेक दशकं दोष आईच्या ‘थंडपणा’वर टाकला गेला. १९७७ मध्ये सुझन फोलस्टीन आणि मायकल रटर यांनी २१ जुळ्या जोड्या तपासल्या. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही भावंडांना ऑटिझम होता. बिनसारख्या १० जोड्यांपैकी एकीतही नाही. जोड्या थोड्याच होत्या, पण विचाराची दिशा बदलली. त्यानंतरच्या मोठ्या अभ्यासांनी अनुवंशाचा वाटा फार मोठा असल्याचं दाखवलं आहे. दिवस भरायच्या आत जन्म झाल्यानं शक्यता वाढते हेही दिसलं आहे, पण बाळंतपण लवकर होणं तिच्या हातात नव्हतं. ती ऐकत होती. मान हलवली नाही. हा प्रश्न एका भेटीत सुटत नाही. तिनं तो नंतर निदान चार वेळा विचारला.

आजींचा प्रश्न वेगळा होता. “अशी पोरं आधी का नव्हती हो, बाई?” होती, आजी. ‘मुकं’, ‘वेडसर’, ‘देवाघरचं’ या नावांखाली होती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पलवल, कांगडा, ढेंकनाल, उत्तर गोवा आणि हैदराबाद अशा पाच ठिकाणच्या २ ते ९ वर्षांच्या ३,९६४ मुलांना तपासलं. श्रवणदोष, दृष्टिदोष, अपस्मार, बौद्धिक अक्षमता, ऑटिझम असे मेंदूच्या वाढीशी किंवा ज्ञानेंद्रियांशी निगडित नऊ विकार धरले, तर साधारण दर आठ मुलांमागे एकात किमान एक आढळला. ऑटिझमचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास होतं. आजी म्हणाल्या, “म्हणजे गावात पाचसहा असतीलच की.” आणि मग त्यांनी एकेका घराचं नाव घेऊन मोजायला सुरुवात केली.

दहा मिनिटांचा व्हिडिओ

आठवड्यातून दोनदा केंद्रात पाऊण तास, बाकी सगळं घरी. यापेक्षा जास्त त्यांना झेपणारं नव्हतं. वडील खेड शिवापूरच्या कारखान्यात पाळीनं कामाला, एकाचाच पगार.

घरच्या कामासाठी आम्ही गोव्यात आणि रावळपिंडीत झालेल्या एका चाचणीचं तत्त्व उचललं. २०१६ मध्ये तिचे निष्कर्ष आले. ६५ मुलं होती, आणि तज्ज्ञ नसलेले पण प्रशिक्षण दिलेले आरोग्यसेवक घरी जाऊन पालकांना त्यांच्याच खेळाचा व्हिडिओ दाखवत, त्यावर बोलत. त्या कुटुंबांत पालक मुलाच्या कलानं प्रतिसाद देऊ लागले आणि मुलं आपणहून संवाद जास्त सुरू करू लागली. दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचा वेळ मात्र वाढायच्या ऐवजी कमी झाला, आणि संशोधकांनी तेही तसंच छापलं. त्या पद्धतीचं रीतसर प्रशिक्षण आमच्यापैकी कुणी घेतलेलं नाही, हे आईला आम्ही आधीच सांगितलं. आम्ही घेतलं ते एवढंच: दर पंधरा दिवसांनी दहा मिनिटं खेळाचं चित्रण, आणि मग आईसोबत बसून ते पाहणं.

मार्चमधला पहिला व्हिडिओ. आई सतरंजीवर, समोर ठोकळे. “हा कुठला रंग? सांग ना. लाल कुठाय? हा बघ. हा कुठला?” चिकू पाठमोरा. आईला म्हटलं, तुमचे प्रश्न तुम्हीच मोजा. दहा मिनिटांत ४७ निघाले. ती गप्प झाली. मग मी म्हटलं, आता त्याच्याकडे बघा. तो आपणहून काही करतो ते मोजू. सहा वेळा निघालं, आणि सहापैकी पाच वेळा आईच्या प्रश्नांत ते वाहून गेलं होतं.

चौथ्या वेळी तो उठतो, फडताळाखाली जाऊन उभा राहतो. वर साबणाच्या फुग्यांची बाटली आहे. बाटलीकडे पाहतो, मग जमिनीकडे. आणि म्हणतो, “यात्रीगण कृपया ध्यान दें.”

व्हिडिओत आईचा आवाज येतो: “गप रे, पुरे आता.”

माझ्यासमोर बसलेल्या आईनं व्हिडिओ मागे नेला. पुन्हा पाहिला. तिसऱ्यांदा पाहिला. “ताई, हा मला हाक मारतोय.”

अशा उसन्या वाक्यांना इकोलॅलिया म्हणतात. पूर्वी ती निरर्थक पोपटपंची समजून बंद पाडली जायची. बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डुकन यांनी १९८१ मध्येच दाखवून दिलं होतं की अशा बोलण्यामागे मागणं, होकार, आपली पाळी घेणं असे हेतू असतात. हे मला ठाऊक होतं. तरी दोन महिने चिकूची घोषणा मीही ‘कमी करायचं वर्तन’ या रकान्यात लिहीत होते. तीन वर्षांच्या मुलानं ‘लक्ष द्या’ एवढंच वाक्य जगातून उचललं होतं, आणि ते नेमकं लक्ष हवं असताना वापरत होता. आम्ही त्याला गप्प करत होतो.

पुढचं काम सोपं होतं. घोषणा झाली की जवळ जायचं, त्याची नजर कुठे आहे ते पाहायचं, ती वस्तू द्यायची, आणि देताना एकच शब्द: “फुगा.” प्रश्न नाही, ‘म्हण’ नाही. एप्रिलच्या शेवटी बाटली हातात यायच्या आधी तो म्हणाला, “ध्यान दें, फुगा.”

आजींचं कॅलेंडर

मला घरची नोंद हवी होती. आईला छापील तक्ता दिला, तो दोन आठवड्यांत हरवला. तेव्हा आजी म्हणाल्या, “मी दुधाचा हिशोब चाळीस वर्षं ठेवलाय. मला सांगा काय लिहायचं.” त्या मूळच्या भोरजवळच्या, नातवासाठी पुण्यात आलेल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत दोन खुणा ठरल्या. चिकूनं आपणहून काही मागितलं तर दर वेळी निळा ठिपका. एखाद्या दिवशी अर्ध्या तासाहून जास्त रडला किंवा डोकं आपटलं, तर त्या दिवशी एक लाल फुली. सुरुवात १ मे.

मे: ३८ ठिपके, ६ फुल्या. जून: ६१ ठिपके, ५ फुल्या. आम्ही खूश होतो.

जुलै

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात घर कोसळल्यासारखं झालं. चिकू रोज रडत होता, गालावर ओरखडे, कपाळावर टेंगूळ. संध्याकाळी जेवत नव्हता, रात्री दोनपर्यंत जागा. ८ जुलैला आईनं पतसंस्थेत पुन्हा नोकरी धरली होती. आम्हा चौघांनाही कारण समोर दिसलं: आई दिवसभर नाही, दिनक्रम मोडला. बालरोगतज्ज्ञांनी कान, घसा, दात, पोट तपासलं. एवढ्या उशिरा घसरण दिसली तर अपस्माराचा विचार करावा लागतो, म्हणून ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, काढून झाला. तो ठीक आला.

१९ जुलैला मी फाईलवर लिहिलं: “रिग्रेशन. आईच्या अनुपस्थितीशी संबंध?” कॅलेंडर मागवलंच नाही. केंद्रात तो सकाळी अकराला यायचा आणि तिथेही मलूल असायचा, तेवढंच पाहून लिहिलं.

ऑटिझममध्ये मिळवलेलं गमावण्याचा प्रकार खरा आहे. पण तो बहुतेक वेळा दुसऱ्या वाढदिवसाच्या आसपास किंवा आधी दिसतो, आणि त्यात शब्द जातात, हाक जाते. चिकूचे शब्द गेले आहेत का, हे मी मोजलं नव्हतं. शब्द जड असतात. फाईलवरचा तो एक शब्द वाचून आई पुन्हा नोकरी सोडायला निघाली. वडिलांनी त्या कागदाचा फोटो काढला आणि ‘स्टेम सेल’ची, म्हणजे मूलपेशींची, इंजेक्शनं देणाऱ्या एका ठिकाणी जाऊन दाखवला. तिथे त्यांना सांगितलं गेलं की घसरण सुरू झाली आहे, आता वेळ घालवू नका. तीन वेळा टोचायचं, साडेचार लाख रुपये. पहिली तारीख ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातली. वीस हजार आगाऊ भरून ते आले, आणि गावाकडचे चार गुंठे विकायचं घरात ठरलं.

हे मला ३ ऑगस्टला कळलं. वडील केंद्रात पहिल्यांदाच एकटे आले होते. “मॅडम, तुम्हीच लिहिलंय ना घसरतोय म्हणून?” त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं वाटलं असतं.

मी त्यांना सांगितलं की राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीती मंडळानं २०२२ मध्येच ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस नाही असं स्पष्ट केलं आहे, आणि असे उपचार लिहून देणं किंवा त्यांची जाहिरात करणं हा व्यावसायिक गैरवर्तनाचा भाग मानला जाईल असंही म्हटलं आहे. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, “पण तिथे फरक पडलेली मुलं आहेत. आईबापांचे व्हिडिओ दाखवले. ते खोटं बोलतायत का?”

खोटं बोलत नाहीत. हेच समजावणं सगळ्यात अवघड आहे. मी त्यांना सिक्रेटिनची हकिगत सांगितली. १९९८ मध्ये अमेरिकेत तीन मुलांना पोटाच्या तपासणीदरम्यान हे संप्रेरक दिलं गेलं आणि मग ती बोलू लागली, नजर देऊ लागली, अशी नोंद छापून आली. हजारो पालक ते इंजेक्शन शोधू लागले. १९९९ मध्ये ६० मुलांवर चाचणी झाली: काहींना सिक्रेटिन, काहींना मिठाचं पाणी, कुणाला काय हे पालकांना माहीत नाही. सुधारणा दोन्ही गटांत दिसली, आणि सारखीच दिसली. मिठाच्या पाण्यावरही मुलं सुधारली, कारण मुलं वाढत असतात, कारण वाईट महिन्यानंतर बहुधा बरा महिना येतो, कारण आशेनं पाहणारा डोळा जास्त पाहतो. निकाल सांगितल्यावरही ६९ टक्के पालकांना ते औषध हवंच होतं. या पालकांवर कुणाला हसू येत असेल तर त्यानं माझ्यासमोर बसलेल्या त्या माणसाचा चेहरा पाहायला हवा होता.

वडील म्हणाले, “मग आमचा का बिघडला ते तरी सांगा.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, कॅलेंडर घेऊन या.

२५ जुलै

त्याच संध्याकाळी आजी स्वतः जुलैचं पान घेऊन आल्या. फुल्या १७. पण ठिपके ७४. मी दोनदा मोजले. जूनमध्ये ६१, जुलैत ७४. मागणं वाढलं होतं. शब्द गेले नव्हते, हाक गेली नव्हती. माझं ‘रिग्रेशन’ तिथेच खोटं ठरलं.

मग फुल्यांच्या तारखा. पहिल्या पाच दिवसांत एक. ६ ते २३ जुलैमध्ये चौदा. २४ ते २८ मध्ये एकही नाही. २९ ते ३१ मध्ये दोन.

पुण्यात राहणाऱ्याला ते पाच दिवस आठवतील. पाऊस थांबत नव्हता. २५ जुलैच्या पहाटे खडकवासला धरणातून सोडलेलं पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरलं. आमचं केंद्र बंद, रस्ते बंद. चिकूचा दिनक्रम खरा मोडला तो त्या दिवसांत. आणि तो शांत होता. बरं, २४ आणि २७ तारखेला आई कामावर गेली होती; तरी फुली नव्हती. म्हणजे आईच्या नोकरीचं कारणही टिकेना.

“आजी, तेव्हा घरी काय वेगळं होतं?”

आजींनी विचार केला. “काही नाही बाई. पाऊस. लाईट दोनदा गेली.” मग थांबून, “आणि ती पोरं आली नव्हती.”

“कुठली पोरं?”

“ढोलाची.”

इमारतीमागच्या मोकळ्या जागेत त्या वर्षी एका ढोलताशा पथकानं पत्र्याचं शेड ठोकलं होतं. जुलैच्या पहिल्या शनिवारी, म्हणजे ६ तारखेला, सराव सुरू झाला. रोज दिवेलागणीला, साधारण साडेसहा ते साडेआठ. गणपती ७ सप्टेंबरला होते. पुण्यात त्या महिन्यांत ढोलाचा आवाज हवेसारखा असतो, तो कुणाला वेगळा ऐकू येत नाही. मलाही आला नाही, आणि माझ्याच अहवालात कुकरची शिट्टी लिहिलेली होती.

तपासून पाहणं

इथे मला पुन्हा घाई करायची नव्हती. एका कारणाच्या जागी दुसरं ठोकून बसवणं सोपं असतं. एकाच मुलावर काही तपासायचं तर गोष्ट काढायची, पाहायची, परत आणायची, पाहायची. १४ ते १९ ऑगस्ट आजी आणि आई त्याला घेऊन भोरला गेल्या. सहा दिवसांत एकही फुली नाही. २० ला परत आले. २०, २१, २२ तिन्ही दिवशी फुली. अर्थात गावात फरक होता तो फक्त ढोल नसण्याचाच, असं नाही. आई पूर्ण वेळ सोबत होती, अंगण होतं, गायी होत्या. म्हणून हा पुरावा मी अर्धाच धरते. पण पावसाचे पाच दिवस, भोरचे सहा दिवस आणि परतीचे तीन दिवस यांना जोडणारं दुसरं काही मला सापडलं नाही.

उपाय दोन केले. आवाज अडवणारे, कानावर बसणारे मफ आणले. ते लगेच लावले नाहीत. आधी शांत वेळी दोन मिनिटं, मग पाच, फुग्यांच्या खेळासोबत. आणि सराव सुरू व्हायच्या आधी वडील किंवा आजी त्याला पीएमपीच्या बसनं कोथरूडला मावशीकडे नेत, नऊला परत. बस त्याला आवडते. चौकाचौकात तो घोषणा करतो. २४ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर: दोन फुल्या. मफमुळे किती आणि मावशीमुळे किती, हे वेगळं करता येत नाही, कारण दोन्ही एकदमच सुरू केलं. घर थकलेलं होतं; तिथे मी प्रयोगाचा हट्ट धरला नाही.

आई पथकाच्या प्रमुखाला भेटायला गेली. सराव बंद करा म्हणायला नाही, तर वेळ बदलली तर आधी कळवा एवढं सांगायला. त्या दिवसापासून रोज दुपारी तिच्या फोनवर वेळ येऊ लागली. एका रविवारी सकाळी, शेड रिकामं असताना, त्या मुलांनी चिकूला बोलावलं. तो आधी ढोलाच्या दोऱ्यांना हात लावत राहिला. मग त्याच्या हातात टिपरू दिलं. त्यानं हळूच एकदा मारलं, पानावर कान टेकवला, पुन्हा मारलं. स्वतः केलेला आवाज त्याला चालला. दुसऱ्यानं केलेला अजूनही चालत नाही.

इंजेक्शनच्या तारखेचं काय झालं? वडिलांनी ती सोडली. वीस हजार परत मिळाले नाहीत, गुंठे राहिले. त्या तारखेचा विचार मी अजून करते. ऑगस्टच्या शेवटी टोचलं असतं. अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला होती. त्यानंतर शेड निघालं, ढोल थांबले. १८ ते ३० सप्टेंबर या तेरा दिवसांत एकच फुली आहे. म्हणजे उपचारानंतर तीन आठवड्यांत मूल शांत झालेलं सगळ्यांनी पाहिलं असतं. आईबाबांनी कॅमेऱ्यासमोर तसं सांगितलं असतं आणि ते खरंच बोलत असते. मीही मान डोलावली असती.

डिसेंबरपर्यंत

फाईलवरचा तो शब्द मी खोडला नाही. त्याखाली तारीख घालून दुरुस्ती लिहिली आणि आईला वाचून दाखवली. आईनं नोकरी सोडली नाही.

ऑक्टोबरमध्ये ऑटिझमची तीव्रता मोजणाऱ्या इसा या भारतीय मापनश्रेणीवर चिकूला ९४ गुण आले. ७० ते १०६ म्हणजे ‘सौम्य’. हा शब्द ऐकला की नातेवाईक म्हणतात, मग काही नाही, जाईल आपोआप. सौम्य म्हणजे मदत कमी लागेल असा अंदाज. मदत लागणार नाही असा त्याचा अर्थ नाही. दिव्यांग प्रमाणपत्र घ्यायला वडील आधी तयार नव्हते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, आणि प्रमाणपत्रामुळे निरामय योजनेतून वर्षाला एक लाखापर्यंतचं आरोग्यविम्याचं संरक्षण मिळू शकतं, हे कळल्यावर अर्ज केला. थेरपीचा खर्च दर महिन्याला टोचत असतो. तो मुद्दा त्यांना पटला.

डिसेंबरच्या भेटीत त्याचे तेवीस शब्द मोजले. दोन शब्द जोडून तो आठ प्रकारे मागतो. हाकेला दहापैकी चार वेळा वळतो. दुसऱ्या मुलांसोबत अजून खेळत नाही, त्यांच्या शेजारी खेळतो. झोप अजून तुटक आहे. बालवाडीच्या दोन ठिकाणी नकार आला. तिसऱ्या ठिकाणच्या बाईंनी, आजी पहिला महिना वर्गाबाहेर बसतील या अटीवर, जूनपासून घ्यायचं कबूल केलं आहे.

परवा तो माझ्या खोलीत आला, कपाटाखाली उभा राहिला आणि म्हणाला, “ताई, ध्यान दें. फुगा दे.” मी पुढे काही म्हणायच्या आत आजींनी पिशवीतून पेन काढून तळहातावर ठिपका केला, घरी जाऊन उतरवायला.

२०२५ चं कॅलेंडर त्यांनी आणून ठेवलं आहे. मला जुलैचं पान उलटून दाखवलं. ५ तारखेच्या, पहिल्या शनिवारच्या चौकटीत पेन्सिलनं लिहिलं आहे: पथकाला वेळ विचारणे.